जिप्सीची दुसरी गिअरपेटी

दिल्लीच्या दक्षिणेस मांगर, फरीदाबाद आणि गुरुग्राम यांच्या दरम्यान अरवलीचे जे खडकाळ उंचवटे उरले आहेत, तेथे चाकोरीबाहेरच्या वाटांवर हमखास दिसणारी गाडी म्हणजे मारुती जिप्सी. या गाडीच्या पोटाखाली, दोन आसनांच्या मधोमध, तीन रबरी आधारांवर एक लहानशी लोखंडी पेटी टांगलेली असते. इंजिनाला जोडलेल्या मुख्य गिअरबॉक्सपासून ती वेगळी असून दोहोंमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. या पेटीचे नाव ट्रान्सफर केस. मुख्य गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती मागच्या आणि पुढच्या आसांना वाटून देणे, आणि गरज पडल्यास ती आणखी मंद पण अधिक जोरकस करणे, ही तिची दोन कामे.

या पेटीचा उगम युद्धकाळातला आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली, तेव्हा चारही चाकांना गती आणि दोन टप्प्यांची ट्रान्सफर केस या अटी प्रथमपासूनच होत्या. पायदळाच्या बरोबरीने ताशी ३ मैल इतक्या मंद गतीने गाडी न अडखळता चालली पाहिजे, अशी अपेक्षा होती. त्यातून घडलेल्या विलीज जीपमध्ये ‘लो’ टप्प्याचे गुणोत्तर १.९७ होते. युद्ध संपताच तीच जीप शेतकऱ्यासाठी सीजे-२ए या नावाने आली आणि ते गुणोत्तर २.४३ झाले. नांगर ओढणाऱ्याला सैनिकापेक्षा अधिक मंद गाडी हवी होती. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने पुढे मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ही दुसरी गिअरपेटी भारतीय मिस्त्रीच्या हाताखाली आली.

गुरगावचा अध्याय नंतरचा. मारुती आणि सुझुकी यांचा करार १९८२ चा. त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर १९८५ मध्ये, सुझुकीच्या एसजे-४१० वर आधारलेली जिप्सी बाजारात आली. इंजिन अवघे ९७० घन सेंटिमीटरचे. इतक्या लहान इंजिनाकडून डोंगर चढवून घ्यायचा तर सारी भिस्त दातेरी चाकांवर. म्हणून सुझुकीच्या अभियंत्यांनी ट्रान्सफर केसमध्ये एक वेगळी योजना ठेवली. जीपच्या पेटीत ‘हाय’ टप्पा म्हणजे सरळ एकास एक. सुझुकीच्या पेटीत मात्र ‘हाय’मध्येही गती घटते. ९७० च्या पेटीत हे गुणोत्तर ‘हाय’ला १.५८० आणि ‘लो’ला २.५११ होते. १९९६ मध्ये १२९८ घन सेंटिमीटरची जिप्सी किंग आली. इंजिन बलवान झाल्याने पेटी सौम्य करण्यात आली: १.४०९ आणि २.२६८. महामार्गावर गाडी शांत झाली, खडकावर किंचित दुबळी.

पेटी बदलण्याचा खटाटोप याच फरकातून जन्मला. नव्या जिप्सीला जुन्या जिप्सीची पेटी लावली तर ‘हाय’ सुमारे १२ टक्के आणि ‘लो’ सुमारे ११ टक्के मंद होतो. पेटी गिअरबॉक्सपासून अलग असल्याने इंजिनाला हात लावावा लागत नाही. शाफ्ट सोडवायचे, तिन्ही आधार मोकळे करायचे आणि पेटी खाली उतरवायची.

पण हिशेब येथे संपत नाही. खडकांवर जाणारा मनुष्य सहसा चाकेही मोठी घालतो. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३ च्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ १० टक्के वाढ. चाक मोठे झाले की गाडी तितक्याच प्रमाणात ‘जड’ गिअरमध्ये चालते. जुन्या पेटीने मिळवलेले ११ टक्के मोठ्या टायरने १० टक्क्यांनी खाल्ले, उरला एक. रस्त्यावरही तेच: ज्या वेगाला इंजिन पूर्वी मिनिटाला ३००० फेरे घेत असे, त्याच वेगाला आता ते सुमारे ३०६० घेईल. म्हणजे हा प्रसिद्ध ‘अपग्रेड’ वस्तुतः गाडीला कारखान्यातील मूळ स्थितीत परत आणतो. तो निरर्थक नाही; मोठे टायर घालून पेटी तशीच ठेवणाऱ्याचा क्लच लवकर जळतो. मात्र यातून नवे बळ मिळाले असे समजणे भाबडेपणाचे आहे.

खरे नवे बळ हवे असेल तर दातेरी चाकांचा संचच बदलावा लागतो. या जातीच्या सुझुकी गाड्यांसाठी परदेशात ४.१६ आणि त्याहूनही मोठ्या ‘लो’ गुणोत्तराचे संच बनतात. जिप्सी किंगच्या पहिल्या गिअरचे ३.६५२ त्याला गुणले की १५.१९ येते; मूळ पेटीत हाच गुणाकार ८.२८ होता. इंजिनाचा तोच पीळ चाकांपाशी जवळजवळ दुपटीने पोहोचतो आणि उतारावर ब्रेकला न शिवता गाडी रांगत खाली येते. शक्ती मात्र तीळभरही वाढत नाही. वेग देऊन जोर घेतला, एवढेच. आणि तो जोर कुठेतरी पेलावा लागतो. आधी रबरी आधार पिळवटतात आणि पेटी जागच्या जागी वळू लागते, म्हणून मजबूत आधार किंवा लोखंडी कंस बसवणे भाग पडते. त्यानंतर पाळी पुढच्या आसातील सांध्यांची. साखळीची एक कडी भक्कम केली की ताण पुढच्या कडीवर जातो, हे मोडलेला आस पाहून शिकणारे पुष्कळ.

बसवणीत घाई करणाऱ्याला आखूड शाफ्ट धडा शिकवतो. त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत नसतील, किंवा पेटी तिरकी टांगली गेली असेल, तर ठरावीक वेगाला सारी गाडी थरथरते. पेटीत मावते जेमतेम ०.८ लिटर तेल. झिजलेल्या सीलमधून ते थेंबाथेंबाने गेले तरी कुणाच्या ध्यानात येत नाही, मग बेअरिंग ओरडू लागते.

जुनी पेटी मिळते कोठे? दिल्लीकर काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा पश्चिमेच्या मायापुरीत जातो. मायापुरीचे नाव विज्ञानाच्या वाचकाला वेगळ्याच कारणाने ठाऊक असते: एप्रिल २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० याच भंगारात फुटले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. भंगारातल्या वस्तूला पूर्वेतिहास असतो, पण तो तिच्यावर लिहिलेला नसतो. पेटी घेणारा म्हणूनच आधी झाकण उघडून दात पाहतो, तेलात चकाकणारा चुरा आहे का ते बोटांनी चाचपतो, शाफ्टला वरखाली हलवून बघतो.

कायद्याची अडचण याहून मोठी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करू देत नाही आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कठोरपणे वाचले. शिवाय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिच्या अंमलबजावणीवरून पुढेही वाद होत राहिले. ज्या ९७० च्या जिप्सींमधून या पेट्या निघतात, त्या सर्व ही वयोमर्यादा केव्हाच ओलांडून गेल्या आहेत. त्या भंगारात निघाल्या तेव्हा पेट्यांचा सुकाळ झाला. हे भांडार मात्र पुन्हा भरणारे नाही.

जिप्सीचे उत्पादनही २०१९ च्या सुमारास थांबले. लष्कराने त्याआधीच, २०१७ मध्ये, ३,१९२ टाटा सफारी स्टॉर्मची मागणी नोंदवली होती. २०२३ मध्ये गुरुग्रामच्याच कारखान्यातून जिम्नी बाहेर पडली. तिच्यातही दोन टप्प्यांची ट्रान्सफर केस आणि तिचा स्वतंत्र दांडा आहे. ‘लो’चे गुणोत्तर २.००२, म्हणजे १९४० च्या दशकातील विलीजच्या १.९७ च्या अगदी शेजारी.