शर्यतीतून जन्मलेला उत्सव

म्यूनिकचा ‘ऑक्टोबरफेस्ट’ म्हटला की बिअरचे फेसाळते प्याले डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु त्याचा जन्म घोड्यांच्या शर्यतीतून झाला. बव्हेरियाचा युवराज लुडविग व राजकन्या थेरेसा यांच्या विवाहाप्रीत्यर्थ १७ ऑक्टोबर १८१० रोजी नगरवेशीबाहेरील कुरणात घोडे धावले. कुरणास वधूचे नाव मिळाले. दुसऱ्या वर्षीही शर्यत झाली आणि प्रथा रूढ झाली. १९३८ नंतर मात्र ही नेमाची शर्यत थांबली. द्विशताब्दीनिमित्त २०१० मध्ये ती पुन्हा भरविण्यात आली. दस्त्यावर बसविलेल्या आडव्या धनुष्याने लक्ष्यवेध करण्याची, १८९५ पासूनची स्पर्धा तेवढी तेथील मंडपात आजही रंगते. ज्या खेळाने जत्रा जमविली, तो खेळ मागे पडला. जत्रा मात्र भरतच राहिली.