सेवाग्रामची कुटी

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेथील निवासासाठी त्यांची अट होती : खर्च १०० रुपयांपलीकडे जाऊ नये; साहित्य व मजूर आसपासचेच असावेत. मीराबहेन यांनी तेथे उभारलेली कुटीच पुढे ‘बापू कुटी’ म्हणून प्रसिद्धीस आली. जाड मातीच्या भिंती वैदर्भीय उन्हाळा थोपवीत. उतरत्या कौलारू छपराखालील पडवी त्या भिंतींना पावसापासून जपे. १९४० साली शेगावचे ‘सेवाग्राम’ झाले. आश्रमात दूरध्वनीही आला. आधुनिकतेला मज्जाव नव्हता, मज्जाव होता तो परावलंबनाला. मातीच्या घराला वरचेवर लिंपण लागते, हे खरे. परंतु जे घर गावाला बांधता येते, तेच गावाला दुरुस्तही करता येते.