पुणे लष्करातील जर्मन पियानो आणि त्यांचा कालनिर्णय

पुण्याच्या लष्कर भागात इंग्रजी अमदानीत आलेल्या उभ्या जर्मन पियानोंचा काळ ठरवताना पट्ट्यांवरील झाकणावर सोनेरी अक्षरांत लिहिलेले नाव हा सर्वांत दुबळा पुरावा होय. कारण ते नाव पुष्कळदा वाद्य घडविणाऱ्या कारखान्याचे नसून ते विकणाऱ्या लंडनच्या अथवा मुंबईच्या दुकानदाराचे असते.

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यावर मुंबई बंदरात उतरलेले, दोनशे किलोंच्या घरातील हे वाद्य गाडीने थेट पुण्यास आणता येऊ लागले. मुंबई इलाख्याचे सरकार पावसाळ्यात पुण्यास मुक्कामाला येई, त्यामुळे बंगले, शाळा आणि क्लब यांत अशा वाद्यांना जागाही होती.

नेमकी साक्ष मिळते ती कायद्याने उमटविलेल्या शिक्क्यांतून. परदेशी माल ब्रिटिश नावाखाली खपू नये म्हणून ब्रिटनने १८८७ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्ये व्यापारचिन्हांविषयीचे कायदे केले. त्यानंतर अशा मालावर मूळ देशाचा उल्लेख आवश्यक ठरला, म्हणून इंग्रजीत ‘मेड इन जर्मनी’ असे छापलेला पियानो सहसा त्यापूर्वीचा नसतो. लोखंडी चौकटीवर अथवा यंत्रणेवर ‘डी. आर. पी.’ ही अक्षरे असतील, तर ती जर्मन साम्राज्याच्या १८७७ च्या एकस्वकायद्यानंतरची, म्हणजे शोधाचा अनन्य हक्क देणाऱ्या कायद्यानंतरची असतात, ‘डी. आर. जी. एम.’ ही किरकोळ सुधारणांच्या नोंदणीची अक्षरे १८९१ नंतरच आढळतात. झाकणावरील प्रदर्शनपदकांच्या वर्षांवरून मात्र ‘याआधीचा नाही’ एवढेच सिद्ध होते, कारण जुने पदक कारखाने दशकानुदशके मिरवीत असत.

रचनेचा पुरावा याला जोडून पाहावा. खर्जाच्या तारा मधल्या तारांवरून तिरप्या नेण्याच्या पद्धतीचे एकस्व स्टाइनवे यांनी न्यूयॉर्कमध्ये १८५९ साली आडव्या, म्हणजे ग्रँड पियानोसाठी घेतले आणि पुढे जर्मन कारखान्यांनी ती उभ्या पियानोंतही रूढ केली. सगळ्या तारा सरळ समांतर असलेला पियानो त्यामुळे बहुधा जुना असतो, पण स्वस्त वाद्यांत ही रीत बराच काळ टिकल्याने तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. बेख्श्टाइन आणि ब्ल्यूथ्नर या दोन्ही १८५३ साली स्थापन झालेल्या कारखान्यांच्या वाद्यांचा अनुक्रमांक चौकटीवर किंवा आतील लाकडावर सापडला, तर छापील सूचींवरून वर्ष बऱ्याच जवळ येते. बर्लिनमधील लहान कारखान्यांबाबत ही सोय क्वचितच असते.

उष्ण प्रदेशांसाठी घडविलेल्या वाद्यांत केवळ सरसावर न विसंबता सांधे पितळी स्क्रूंनी आवळलेले असतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसून पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला त्यांचा मोठा आधार होता. हातोड्यांवरील नमदा, तारा आणि सूर लावण्याच्या खुंट्या नंतर बदललेल्या असू शकतात, म्हणून त्यांच्या नवेपणावरून वाद्याचे वय ठरवू नये. जुन्या चौकटीला नवा सोनेरी रंग देताना शिक्के आणि आकडे बुजविले जातात, ही हानी भरून येण्यासारखी नाही; तेव्हा रंगकामापूर्वी प्रत्येक खूण उतरवून घेणे हेच अशा वाद्याच्या दुरुस्तीतले पहिले काम ठरते.