एक तेल, दोन सत्त्वें

वैद्यकाच्या इतिहासांत असे पदार्थ थोडेच, कीं ज्यांचा गुण लोकांना आधीं कळला आणि त्या गुणाचें कारण मात्र शंभर वर्षांनीं. कॉड नांवाच्या माशाच्या यकृताचें तेल हें त्यांपैकीं एक होय. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरील कोळी लोक तें पिढ्यान् पिढ्या वापरीत असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मँचेस्टरच्या रुग्णालयांत तें जुनाट संधिवातावर देऊं लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसचा नामांकित वैद्य त्रूसो ह्यानें मुलांच्या मुडदुसावर त्याची मुक्तकंठानें शिफारस केली. त्याच्या वासाविषयीं न बोललेलेंच बरें! यकृतें पिंपांत कुजूं देऊन वर येणारें तेल काढून घ्यावें, अशी जुनी रीत होती. नॉर्वेच्या पीटर मोलरनें वाफेवर स्वच्छ तेल काढण्याची युक्ति प्रचारांत आणल्यावर तें सुशिक्षित घरांतील मुलांच्या घशाखालीं कसेंबसें उतरूं लागलें.

ह्या तेलाच्या एका चमच्यांत दोन अगदीं भिन्न सत्त्वें एकत्र नांदतात, हें कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें. त्यांच्या अभावानें होणारे विकारहि भिन्न. एक मुडदूस : ह्यांत मुलांचीं हाडें मऊ राहून पाय वांकतात. ग्लिसन ह्या इंग्रज वैद्यानें १६५० सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. पुढें कारखान्यांच्या धुरानें इंग्लंडचीं शहरें झांकोळलीं तेव्हां तर तो गल्लोगल्लीं दिसूं लागला. दुसरा विकार डोळ्यांचा. प्रथम रात्रीं दिसेनासें होतें, मग बुबुळ कोरडें पडतें, आणि उपाय न झाल्यास दृष्टि कायमची जाते. ह्या रातांधळेपणावर बकऱ्याचें यकृत द्यावें, हें सुश्रुतसंहितेस ठाऊक होतें. म्हणजे उपाय आपल्या घरांतच होता. उणीव होती ती उपपत्तीची.

ती उपपत्ति उंदरांच्या पिंजऱ्यांतून आली. १९१३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें मॅकॉलम व त्याची सहकारी मार्गरेट डेव्हिस ह्यांना असें आढळलें कीं, उंदरांना स्निग्ध पदार्थ म्हणून डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचें तेल दिल्यास त्यांची वाढ खुंटते; पण लोण्याचा किंवा अंड्यांतील स्निग्धांश दिला कीं तीं पुन्हां वाढूं लागतात. येल येथें ऑसबोर्न व मेंडेल हे ह्याच निर्णयाप्रत जवळजवळ त्याच वेळीं आले, आणि कॉडच्या तेलांतहि हा गुण असल्याचें त्यांनीं पुढल्याच वर्षीं दाखविलें. ह्या स्निग्धांशांतील सत्त्वालाच पुढें ‘अ’ जीवनसत्त्व हें नांव मिळालें.

परंतु ह्या शोधाचा खरा दाखला प्रयोगशाळेंत नव्हे, डेन्मार्कच्या बाजारांत मिळाला. पहिल्या महायुद्धांत डेन्मार्कचें लोणी चढ्या भावानें परदेशीं जाई, आणि देशांतील गरिबांच्या मुलांच्या वांट्याला साय काढलेलें दूध व वनस्पतीचें मार्गारीन उरे. कोपनहेगनचा बालरोगवैद्य ब्लॉख ह्याच्याकडे डोळे गेलेलीं मुलें मोठ्या संख्येनें येऊं लागलीं. मग १९१७ सालीं जर्मनांच्या पाणबुड्यांमुळें निर्यात अडली. वर्षअखेर सरकारनें लोण्याची शिधावांटणी सुरू केली व तें गरिबालाहि परवडेल अशा दरानें मिळूं लागलें. पुढल्या वर्षीं हा नेत्रविकार जवळजवळ नाहींसा झाला. नाकेबंदीनें मुलांचे डोळे वांचावे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत घालण्यासारखी आहे. पण तीं पुस्तकें लोण्याची किंमत पाहतात, त्यांतील जीवनसत्त्व पाहत नाहींत.

आतां घोंटाळा उत्पन्न झाला तो असा. १९१९ सालीं मेलनबी ह्यानें लंडनमध्यें कुत्र्यांच्या पिलांना मुडदूस आणून तो कॉडच्या तेलानें बरा करून दाखविला. तेलांत ‘अ’ आहे हें माहीत होतेंच. तेव्हां मुडदूसहि त्याच्याच अभावीं होत असावा, अशी कल्पना होणें स्वाभाविक होतें. हा गुंता सोडविण्याचा मान पुनः मॅकॉलमकडेच गेला. तो आतां जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत होता. त्यानें तेल तापवून त्यांतून प्राणवायु सोडला. अशा तेलानें उंदरांचे कोरडे पडलेले डोळे मुळींच सुधारले नाहींत. हाडें मात्र पूर्वींप्रमाणेंच बरीं झालीं. म्हणजे एक सत्त्व जळून गेलें होतें व दुसरें शिल्लक होतें. १९२२ सालचा हा प्रयोग. ‘अ’, ‘ब’ व ‘क’ हीं नांवें तोंपर्यंत देऊन झालीं होतीं, म्हणून ह्या नव्या सत्त्वाला ‘ड’ हें नांव मिळालें. इतका साधा प्रयोग, पण चमच्यांतलें एक औषध त्या दिवसापासून दोन झालें.

‘ड’ हें तर अन्नावरच अवलंबून नाहीं, हेंहि त्याच सुमारास उघड झालें. बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीनें १९१९ सालीं पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशांत ठेवून मुडदुसाचीं मुलें बरीं केलीं. आणि ह्या प्रकरणांत आपलें नाशिक शहरहि येतें, हें फारच थोड्यांना माहीत असेल. हचिसन व शहा ह्यांनीं तेथें केलेली पाहणी १९२२ सालीं प्रसिद्ध झाली. उत्तम खाणाऱ्या, पण पडद्यांत राहणाऱ्या सधन घरांतील अर्भकांत मुडदूस आढळला. उघड्यावर मोलमजुरी करणाऱ्या आयांचीं अर्भकें, निकृष्ट अन्न असूनहि, त्यांतून सुटलीं होतीं. ऊन नाशकास कोणालाच कमी नव्हतें. तें घरांत येऊं दिलें जात नव्हतें, इतकेंच.

येथवरची कथा अभावाची. परंतु औषध बाटलींत शिरलें कीं अतिरेकाचीहि कथा सुरू होते, आणि प्रस्तुत लेखकास तीच अधिक महत्त्वाची वाटते. निसर्गानें ह्या दोन्ही सत्त्वांच्या वाटेंत बंधारे घातलेले आहेत. पालेभाज्या, गाजर, आंबा ह्यांत प्रत्यक्ष ‘अ’ नसून कॅरोटीन असतें. त्याचें ‘अ’मध्यें रूपांतर होतें हें केंब्रिजच्या टॉमस मूरनें १९३० सालीं उंदरांवर दाखविलें. शरीर हें रूपांतर गरजेपुरतेंच करतें. गाजरें अति खाल्लीं तर फार तर कातडी पिवळसर दिसेल. उन्हाचेंहि तसेंच : त्वचेंत ‘ड’ पुरेसें तयार झालें कीं तेंच ऊन जास्तीच्या अंशाचें निरुपद्रवी द्रव्य करून टाकतें. यकृतांतून व कुपींतून येणाऱ्या तयार सत्त्वांना मात्र हे बंधारे लागू नाहींत. तीं स्निग्धांत विरघळणारीं असल्यामुळें मूत्रावाटे सहज निघूनहि जात नाहींत, सांचत राहतात.

ह्याचा अनुभव १५९७ सालींच आला होता. डच दर्यावर्दी बॅरेंट्स ह्याच्या तुकडीनें नोव्हाया झेम्ल्या बेटावर हिवाळा काढला. त्यांतील लोकांनीं पांढऱ्या अस्वलाचें यकृत खाल्लें. ते आजारी पडले, आणि तिघांची कातडी तर नखशिखांत सोलून निघाली, असें डी व्हीरच्या रोजनिशींत नमूद आहे. त्याचें कारण १९४३ सालीं नॉर्वेच्या रोडालनें व त्याच टॉमस मूरनें सांगितलें. अस्वलाच्या यकृताच्या एका ग्रॅमांत ‘अ’चीं सुमारें १३ ते १८ हजार एककें भरलीं. प्रौढ पुरुषाची रोजची गरज तीन हजारांच्या आसपास. म्हणजे एक ग्रॅम ही चार ते सहा दिवसांची बेगमी! दक्षिण ध्रुवाकडील मॉसनच्या मोहिमेंत १४ डिसेंबर १९१२ रोजीं बहुतेक अन्न लादलेली घसरगाडी निनिस ह्या सोबत्यासह बर्फाच्या भेगेंत गडप झाली. मॉसन व मेर्ट्स हे गाडीचे कुत्रे मारून खात, यकृतासुद्धां, परतूं लागले. दोघांची कातडी निघूं लागली; मेर्ट्स जानेवारींत मरण पावला. हा ‘अ’च्या अतिरेकाचा बळी, असें अनुमान १९६९ सालीं मांडण्यांत आलें. उपासमार व थंडी हीं कारणें पुढें करणारेहि आहेत. पण सोललेल्या कातडीची साक्ष दुर्लक्षिण्याजोगी नाहीं.

‘ड’चा अतिरेक निराळ्या वाटेनें घात करतो. रक्तांतील चुना वाढून तो मूत्रपिंडांत व रक्तवाहिन्यांत बसूं लागतो. १९२८ सालींच जर्मन संशोधकांनीं प्राण्यांत हें दाखविलें होतें. तरी दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत दुधाची भुकटी, मुलांचीं धान्यें व सरकारी कॉड-तेल ह्या सर्वांतूनच ‘ड’ दिलें जाऊं लागलें. प्रत्येक हात उदार होता; बेरीज कोणी करीत नव्हतें. १९५० नंतरच्या वर्षांत कांहीं अर्भकांच्या रक्तांत चुना वाढल्याचें आढळलें, आणि १९५७ सालीं तज्ज्ञ-समितीनें हें प्रमाण उतरविण्यास सांगितलें. ह्यांतील कांहीं मुलांचा विकार जन्मजात होता, असें पुढें कळलें. पण बेरीज चुकली होती ती चुकलीच होती.

आपल्याकडे युद्धकाळांत नॉर्वेचें तेल बंद झालें, तेव्हां मुंबईस व मलबारांत मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचें तेल काढूं लागले. त्यांत ‘अ’ विपुल, पण ‘ड’ अत्यल्प. एका माशाचें प्रमाण दुसऱ्यास लागू नाहीं, हें त्या वेळीं आमच्या औषधशास्त्रज्ञांना प्रत्यक्षच शिकावें लागलें.

आजच्या शिफारशींप्रमाणें प्रौढास तयार ‘अ’ रोज ३००० मायक्रोग्रॅमच्या वर व ‘ड’ ४००० एककांच्या वर जाऊं नये. साध्या कॉड-तेलाच्या एका लहान चमच्यांत ‘अ’ सुमारें १३५० मायक्रोग्रॅम व ‘ड’ सुमारें ४५० एककें असतें. हल्लीं कांहीं कारखानदार ‘अ’ कमी करतात, म्हणून बाटलीवरील मजकूर वाचावा. कोणी रक्ततपासणीनें घाबरून ‘ड’चीं दोन हजार एककें तेलांतूनच भरून काढूं म्हणेल, तर त्याला साडेचार चमचे लागतील आणि ‘अ’ सहा हजारांवर जाईल. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. त्यांतच बहुसत्त्वी गोळी घेण्याची संवय असेल, तर भर आणखी. शिवाय दीर्घकाळ अतिरिक्त ‘अ’ घेणाऱ्यांचीं हाडें ठिसूळ होतात कीं काय, अशी शंका १९९८ सालच्या स्वीडिश अभ्यासानें उत्पन्न केली. वाद मिटलेला नाहीं. पण हाडें बळकट करण्यास घेतलेल्या तेलांतच हाडांचा प्रतिपक्षी असावा, ही शक्यताच विचार करायला लावणारी आहे.

गर्भिणींविषयीं मात्र वाद नाहीं. ‘अ’च्या अतिरेकानें गर्भाला व्यंग येऊं शकतें, म्हणून ब्रिटनमध्यें १९९० पासून त्यांना यकृत वर्ज्य करण्यास सांगतात, आणि कॉडच्या तेलाचाहि निषेध करतात. त्याच गर्भिणीला तेथें ‘ड’ मात्र रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० एककें, घेण्यास सांगतात : वेगळ्या गोळींतून.