तळटीप : ‘बरोक’

‘बरोक’ : घोटीहून सिन्नरच्या रस्त्याने गेल्यावर लेखकाने गोंदेश्वर मंदिराला हे विशेषण बहाल केले आहे. नक्षीने गच्च भरलेले ते सगळे बरोक, या सैल अर्थानेच ते घ्यावे. गोंदेश्वर यादवकालीन, भूमिज शिखराचे पंचायतन. बरोकचा जन्म त्यानंतर काही शतकांनी, १६०० च्या सुमारास रोममध्ये. प्रॉटेस्टंटांच्या साधेपणाला कॅथलिक चर्चने दिलेले हे दिपवणारे उत्तर : वळणदार खांब, सोन्याचा मुलामा, उजेड-अंधाराचे नाट्य. शब्दाचे मूळ बहुतेक कोशकार ओबडधोबड मोत्याच्या पोर्तुगीज नावात शोधतात. अठराव्या शतकात टीकाकारांनी तो नाक मुरडूनच वापरला. गोंदेश्वराची भरगच्च नक्षी मात्र भूमितीच्या काटेकोर शिस्तीत बसते, म्हणून प्रस्तुत संपादकाला विशेषण पटत नाही.

खरा बरोक पाहायचा तर जुने गोवे गाठावे. बॉम जेझू चर्चच्या (१६०५) दर्शनी भागापेक्षा आतली सोनेरी वेदी पाहावी, आणि सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा. तो फ्लॉरेन्सच्या जोव्हानी बात्तिस्ता फोजिनीने घडवला, तिसऱ्या कोझिमो मेदिचीने भेट दिला आणि १६९८ मध्ये बसवला गेला. घोटीकरांना त्या काळाची खूण जवळही सापडेल : नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील पोर्तुगीज घंटा, वसईच्या विजयानंतर (१७३९) आणलेली.

हस्तलिखितात ‘बरॉक’ असेही आढळते. या आवृत्तीत सर्वत्र ‘बरोक’ ठेवले आहे. — संपा.