हायब्रिड गाडीचं बॉनेट उघडून पाणी मारण्याआधी हे वाचा

दसरा जवळ आला की वॉशिंग सेंटरसमोर गाड्यांची रांग लागते. पूजेआधी गाडी चकाचक हवी असते आणि "बॉनेट पण उघडा, इंजिनही धुऊन टाका" ही फर्माईश ठरलेली. जुन्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हे बऱ्याचदा खपून गेलं. आता त्याच रांगेत हायराइडर, ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस आणि सिटीची हायब्रिड आवृत्तीही उभी असते. धुणाऱ्याच्या हातात पाइप तोच असतो आणि त्याची सवयही तीच, पण बॉनेटखालचं सामान मात्र बदललेलं आहे.

टोयोटाच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये गाडी धुण्याविषयी स्पष्ट इशारा असतो: इंजिनच्या भागात पाणी मारू नका, विजेचे भाग पेट घेऊ शकतात. साध्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेतही तो सापडतो, हायब्रिडमध्ये त्याचं वजन वाढतं इतकंच. पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असते, त्यामुळे तो वाचणारे थोडेच.

तुमची गाडी नेमकी कोणती हायब्रिड?

आपल्याकडे 'हायब्रिड' हा शब्द दोन वेगळ्या गाड्यांना लावला जातो. मारुतीच्या सियाझ, अर्टिगा यांसारख्या गाड्यांवर 'स्मार्ट हायब्रिड' असं लिहिलेलं असतं. ती यंत्रणा १२ व्होल्टची असते. या गाड्या नुसत्या विजेवर धावत नाहीत आणि त्यांच्यात धोकादायक व्होल्टेजही नसतं. वर नावं आलेल्या गाड्यांत 'स्ट्राँग हायब्रिड' असते, म्हणजे काही अंतर इंजिन बंद ठेवून मोटरवर चालणारी. (हायराइडर आणि ग्रँड विटारा दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा नावावरून अंदाज बांधू नका.)

ओळखायची सोपी खूण म्हणजे बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या जाड नारिंगी वायरी. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१०० या नियमानुसार ६० व्होल्ट डीसी किंवा ३० व्होल्ट एसीच्या वर गेलं की ते 'हाय व्होल्टेज' धरलं जातं आणि अशा उघड्यावरून जाणाऱ्या वायरींचं आवरण नारिंगी असावं लागतं. हायराइडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी सुमारे १७७ व्होल्टची आहे. मोटरपर्यंत जाताना हे व्होल्टेज आणखी वाढवलं जाऊ शकतं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरी सुमारे २०० व्होल्टची होती आणि इन्व्हर्टर ते ५०० व्होल्टपर्यंत चढवत असे. घरातल्या सॉकेटमध्ये २३० असतात.

ही मोठी बॅटरी सहसा मागे डिकीत किंवा सीटखाली असते. बॉनेटखाली असतो तो इन्व्हर्टर, म्हणजे चंदेरी अॅल्युमिनियमचा मोठा डबा. त्यातून नारिंगी वायरी मोटरकडे, मागच्या बॅटरीकडे आणि एसीच्या कॉम्प्रेसरकडे जातात. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसरही सहसा विजेवर चालतो. म्हणून नारिंगी वायर अनपेक्षित कोपऱ्यातही सापडते.

शॉक बसेल का?

'हायब्रिडवर पाणी पडलं की माणूस चिकटलाच' असे मेसेज फिरत असतात. ते खरे नाहीत. घरातल्या वायरिंगमध्ये न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते, म्हणून एका फेजला हात लागला तरी झटका बसतो. हायब्रिड गाडीत हाय व्होल्टेजची प्लस किंवा मायनस यांपैकी एकही बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली नसते. गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीजवळचे रिले उघडतात आणि ती वीज बॅटरीतच अडकून राहते. शिवाय वायरी आणि गाडीची बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन कमी झालंय का, हे गाडीचा कॉम्प्युटर तपासत असतो.

तरीही पाणी नकोच. झटक्याची शक्यता कमी असली तरी नुकसानीची मोठी आहे. कनेक्टरमध्ये ओलावा शिरला की कॉम्प्युटरला इन्सुलेशन कमी झाल्याचं कळतं आणि डॅशबोर्डवर हायब्रिड यंत्रणेचा इशारा येतो. मेकॅनिकच्या स्कॅनरवर दिसणारा पी-०-ए-ए-६ हा कोड याच बिघाडाचा. बऱ्याच गाड्यांत त्यानंतर गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरूच होत नाही. हे गाडी स्वतःला आणि माणसाला वाचवण्यासाठी करते, पण मालकाला दिसते ती टोइंगची गाडी.

पावसात चालते, मग पाइपचं पाणी का नको?

प्रश्न रास्त आहे. कोकणातल्या पावसात हीच गाडी चार महिने धावते आणि काही होत नाही. पण पावसाचं पाणी वरून बॉनेटवर पडतं आणि खालून चिखलाचे शिंतोडे येतात. कंपनीने भागांची मांडणी हेच गृहीत धरून केलेली असते. बॉनेट उघडून वरून पाणी मारणं हे त्या गृहीतात बसत नाही.

दुसरा गोंधळ 'आयपी ६७' या आकड्याचा. एखाद्या भागावर हा शिक्का असला की लोक तो वॉटरप्रूफ धरून चालतात. त्यातल्या ७ चा अर्थ इतकाच की तो भाग एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासला आहे. एक मीटर पाण्याचा दाब भरतो जेमतेम ०.१ बार. घरगुती प्रेशर वॉशरचा पंप १०० बारच्या पुढे दाब देतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या चाळीसपट. नोझलपासून लांब गेल्यावर जोर कमी होतो हे खरं, पण जवळून मारलेली धार रबरी सील बाजूला सारून आत घुसते. बुडवण्याची परीक्षा पास झालेला भाग धारेच्या परीक्षेत पास होईलच असं नाही. त्या चाचण्याच वेगळ्या आहेत.

आणि हे नुकसान लगेच दिसतही नाही. आत शिरलेलं पाणी सीलमुळेच बाहेर पडू शकत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर कनेक्टरच्या पिनांवर धरतो. दोन-तीन महिन्यांनी गाडी विचित्र वागू लागते, तेव्हा त्या धुण्याची आठवण कुणालाच राहिलेली नसते. मॅन्युअलमध्ये मनाई असलेल्या गोष्टीमुळे बिघाड झाल्याचं कंपनीच्या लक्षात आलं, तर वॉरंटीचा दावाही अडू शकतो.

मग साफ करायचंच कशाला?

इंजिनवरच्या धुळीने गाडीचं काही बिघडत नाही. रोज डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं बॉनेट वर्षातून एक-दोनदा पुसलं तरी पुष्कळ. साफसफाईची खरी कारणं वेगळी आहेत. स्वच्छ भागावर तेलाची किंवा कूलंटची गळती पटकन दिसते. बऱ्याच हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरला थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी इंजिनच्या टाकीपेक्षा वेगळी असते. तिच्यावरची पातळीची रेघ धुळीने झाकली गेली तर कूलंट कमी झाल्याचं कळतच नाही. सुकलेला पाला गरम भागांजवळ साचणंही बरं नाही. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांना हे चांगलंच माहीत असेल: ती बारीक पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात आणि पाणी वाहून जाण्याची भोकं बुजवतात. मग पावसाचं पाणी नको तिथे वाट काढतं.

पाण्याशिवाय कसं करायचं?

आधी गाडी खरोखर बंद आहे याची खात्री. हायब्रिडमध्ये फसगत होते ती इथेच. इंजिनचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद, हा नियम इथे लागू नाही. डॅशबोर्डवर 'रेडी' दिवा असेल तर गाडी चालू आहे आणि बॅटरी उतरली की इंजिन कधीही आपोआप सुरू होऊ शकतं. त्या वेळी हात पट्ट्याजवळ असेल तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून पार्किंग ब्रेक लावावा, बटण दाबून गाडी पूर्ण बंद करावी, 'रेडी' दिवा गेल्याचं पाहावं आणि चावी खिशात न ठेवता घरात नेऊन ठेवावी. मग तासभर गाडी गार होऊ द्यावी. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तेव्हा त्याच्या पात्यांत बोटं घालू नयेत.

१२ व्होल्टच्या बॅटरीची वायर काढली की सगळं सुरक्षित, असं सांगणारे व्हिडिओ बरेच आहेत. ते अर्धसत्य आहे. त्याने रिले पुन्हा जोडले जात नाहीत, पण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ शिल्लक असू शकते. टोयोटाच्या मेकॅनिकनाही सर्व्हिस प्लग काढल्यानंतर १० मिनिटं थांबायला आणि इन्सुलेटेड हातमोजे घालायला सांगितलेलं असतं. नुसतं पुसण्यासाठी काहीच उघडायचं नसतं, त्यामुळे बॅटरीची वायर काढण्याची गरजही पडत नाही.

आता कोरडं काम. काचेखालच्या जाळीतला पाला हाताने वेचावा, उरलेला घरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या प्लॅस्टिक नळीने ओढावा. रंगकामाचा मऊ, कोरा ब्रश घेऊन वरून खाली धूळ झटकावी आणि सोबत व्हॅक्यूम धरावा. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह टाळलेला बरा. त्या हवेत पाण्याचे कण असतात आणि जोराने धूळ कनेक्टरमध्येच ढकलली जाते.

मग ओलसर फडकं. पिळल्यावर एकही थेंब पडता कामा नये, इतपतच ओलसर. चिकट डागासाठी पाण्यात पातळ केलेला कार शॅम्पू किंवा सौम्य क्लीनर चालतो, पण तो फडक्यावर घ्यायचा, इंजिनवर फवारायचा नाही. कडक क्षारयुक्त डिग्रीझर अॅल्युमिनियमवर कायमचे पांढरट डाग पाडतो. प्लॅस्टिकची कव्हरं, टाक्या, बॉनेटची आतली बाजू आणि कडेचा पत्रा असं पुसून घ्यावं. इन्व्हर्टरचा डबा वरून कोरड्या फडक्याने पुसावा. नारिंगी वायरी ओढू नयेत, त्यांचे कनेक्टर हलवू नयेत. बाहेरून धूळ टिपली की पुरे. फ्यूज बॉक्स आणि ब्रेकच्या यंत्रणेजवळचे प्लग यांनाही ओलं फडकं लावू नये.

शेवटी बॉनेट अर्धा तास उघडं ठेवावं आणि आत फडकं विसरलं नाही ना ते बघावं. गाडी 'रेडी' करून इशाऱ्याचा दिवा नाही हे पाहावं. इंजिन लगेच सुरू होईलच असं नाही, म्हणून थोडी फेरी मारून ते सुरू होऊ द्यावं आणि नीट चालतंय ना हे ऐकावं.

उंदरांचं काय?

पावसाळ्यात आणि थंडीत उंदीर उबेसाठी बॉनेटखाली घर करतात. कागदाचे कपटे, लेंड्या, कुरतडलेला फोम दिसला तर हातमोजे आणि मास्क घालूनच साफ करावं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि मुंबई-कोकणात हा आजार नवा नाही. नारिंगी वायरीचं आवरण कुरतडलेलं दिसलं, तर काम तिथेच थांबवावं. तिथे हात लावायचा नाही, चिकटपट्टी गुंडाळायची नाही आणि गाडीही सुरू करायची नाही. फोटो काढून सर्व्हिस सेंटरला फोन करावा.

सर्व्हिसिंगला देताना

काही गॅरेजांत इंजिनवर डिझेल किंवा रॉकेल फवारून चमक आणण्याची पद्धत अजून आहे. डिझेलने रबरी पाइप फुगतात आणि गरम भागावर ते पेटू शकतं. कोणत्याच गाडीला ते करू देऊ नये. चमकवणारा सिलिकॉनचा स्प्रेही टाळावा. तो पट्ट्यावर उडाला तर पट्टा घसरतो आणि धूळही जास्त चिकटते. 'इंजिन वॉश नको' हे तोंडी न सांगता जॉब कार्डवर लिहून घ्यावं. सोसायटीत रोज गाडी धुणाऱ्या दादांनाही एकदा नारिंगी वायरी दाखवून ठेवाव्यात.

पाणी आधीच मारलं असेल तर?

गाडी चालू असेल तर बंद करावी आणि चावी लांब ठेवावी. वरवरचं पाणी कोरड्या फडक्याने टिपावं, कनेक्टर उघडून फुंकर मारत बसू नये. बॉनेट उघडं ठेवून गाडी काही तास, जमल्यास रात्रभर वाळू द्यावी. त्यानंतर 'रेडी' करताना दिवा पेटला किंवा इंजिन अडखळलं, तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. सर्व्हिस सेंटरला कळवावं आणि टोइंगला फ्लॅटबेड मागवावा. पुढच्या चाकांना मोटर जोडलेली असते, ती चाकं जमिनीवर फिरवत ओढत नेलं की मोटर वीज तयार करू लागते. फ्लॅटबेड मिळत नसेल तर निदान पुढची चाकं उचलूनच गाडी न्यायला सांगावं.