प्रवाळांचा हजेरीपट

मंडळी, पोवळं म्हटलं की आपल्याला आठवतो तो अंगठीतला मंगळाचा खडा. पण समुद्रातलं प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी! लाखो चिमुकले जीव चुन्याची घरं बांधून एकत्र राहतात आणि त्यातून प्रवाळभित्ती उभी राहते. आता जिवंत म्हटल्यावर आजारपण आलंच. त्या आजारपणाच्या शोधाची ही गोष्ट.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की वेस्ट बेटाजवळ, 1996 साली पाणबुड्यांना एल्कहॉर्न प्रवाळावर पांढरे डाग दिसले. हे प्रवाळ एल्क हरणाच्या शिंगांसारखं फांद्या फोडून वाढतं, म्हणून हे नाव. जॉर्जिया विद्यापीठाचे जेम्स पोर्टर आणि त्यांचे सहकारी 1996 पासून दरवर्षी त्याच ठरलेल्या जागी उतरून पाहणी करत होते. थोडक्यात, प्रवाळांचा हजेरीपटच! किती जिवंत, किती नुकतं मेलेलं, किती जुनं मेलेलं, सगळी नोंद. 2002 पर्यंत त्या बेटांच्या परिसरातलं सरासरी 87 टक्के जिवंत एल्कहॉर्न गेल्याचं कळलं, ते या नोंदींमुळेच.

पांढरं दिसलं म्हणजे रोग, असं मात्र नाही. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या पोटातलं शैवाल गमावतं आणि पांढरं पडतं, पण त्याचं मांस शाबूत असतं. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरू शकतं. रोगात मांसच नाहीसं होतं आणि उघडा सांगाडा दिसतो. गोगलगायी कुरतडतात, पोपटमासे चावे घेतात, तिथेही पांढरं दिसतं. चांगला पाहणारा आधी काय दिसतं ते लिहितो. डाग आहे की पट्टा, कड कशी आहे, जवळ गोगलगाय आहे का. कारण नंतर!

कारण मिळालं 2002 साली. पोर्टर यांच्या सहकारी कॅथरिन पॅटर्सन (पुढे सदरलँड) यांच्या गटाने सेराशिया मार्सेसेन्स हा जंतू पकडला. हा माणसाच्या आतड्यातही सापडतो. संशय गेला सांडपाण्यावर, कारण त्या बेटांवर घरोघरी सेप्टिक टाक्या आणि शोषखड्डे होते, आणि खाली सच्छिद्र चुनखडी. रॉबर्ट कॉख, ज्यांनी 1884 मध्ये आपल्या कलकत्त्यात पटकीचे जंतू ओळखले, त्यांच्या नावाची कसोटी इथे लावली गेली. सांडपाण्यातून घेतलेला तोच जंतू निरोगी प्रवाळाला प्रयोगशाळेत दिला आणि काही दिवसांतच रोग उमटला. 2011 साली हे प्रसिद्ध झालं. माणसाकडून जनावरांना रोग जातात हे माहीत होतं, पण समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्याला माणसाचा जंतू मारतो, हे पहिल्यांदाच सिद्ध झालं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. बेटांवर मध्यवर्ती सांडपाणी योजना आल्या. पुढच्या वर्षांत तसेच डाग दिसले, पण अनेक रोगट प्रवाळांत तो जंतू सापडेना. म्हणजे लक्षण एक, कारणं अनेक! ताप आला म्हणजे दर वेळी मलेरिया नसतो, तसंच हे. आणि 2023 च्या उन्हाळ्यातल्या भयंकर समुद्री उष्णतेने या बेटांभोवतीचं उरलंसुरलं एल्कहॉर्नही जवळजवळ संपवलं.

मग त्या नोंदींचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारील. मला वाटतं, फार झाला. नोंद नसती तर "पूर्वी इथे काहीतरी होतं" एवढंच उरलं असतं. कोण होतं, किती होतं, कशाने गेलं, हे आज सांगता येतं. एका कारणापुरतं तरी माणसाला स्वतःकडे बोट दाखवावं लागलं आणि गटारं सुधारावी लागली. उष्णतेचं कारणही तितकंच स्पष्ट लिहिलेलं आहे. ते वाचून काय करायचं, ते आता आपल्यावर आहे.